कापसाचा भाव कुठे ठरतो?

(प्रौढ साक्षर वर्गात दिलेले भाषण)

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. तुमच्या शेतातल्या कापसाचा भाव कोण ठरवतो?

कोणी म्हणेल, व्यापारी. कोणी म्हणेल, बाजार समिती. कोणी म्हणेल, सरकार. आणि मागच्या रांगेतली एखादी बाई म्हणेल, "कोणी का ठरवेना, आम्हाला विचारून तर ठरवत नाही!"

ही सगळी उत्तरे थोडीथोडी खरी आहेत. पुरे खरे उत्तर मात्र लांबचे आहे. मागावरचे कापड तुम्ही पाहिले असेल. एका टोकाचा धागा ओढा, दुसऱ्या टोकाला सुरकुती पडते. जगाचा व्यवहार असाच विणलेला आहे. कुठे लढाई होते, कुठे पाऊस लांबतो, कुठे एखादे सरकार जकात बसवते, आणि सुरकुती पडते आपल्या गावात. ओढणारा हात आपल्याला दिसत नाही. दिसते ती फक्त सुरकुती.

हा हात ओळखायचा कसा, आणि सुरकुती पडली म्हणजे आपण काय ठरवायचे, हे आज पाहू. त्यासाठी आधी दीडशे वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगतो. ती खरी घडलेली आहे आणि आपल्याच मुलखातली आहे.

१. लढाई अमेरिकेत, तेजी मुंबईत

इंग्लंडमध्ये लँकेशायर नावाचा प्रांत आहे. तिथे सूत काढणाऱ्या आणि कापड विणणाऱ्या शेकडो गिरण्या होत्या. त्यांना लागणारा कापूस तिथे पिकत नाही. चार हिश्श्यांपैकी तीन हिस्से आणि त्याहूनही अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून येई. तिथल्या मळ्यांवर आफ्रिकेतून नेलेले गुलाम आणि त्यांची मुलेबाळे राबत. १८६० च्या सुमारास अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे अशी गुलामीत होती.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग एकमेकांशी लढू लागले. लढाईच्या मुळाशी गुलामीचाच प्रश्न होता. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली. कापसाची जहाजे अडकली. इंग्लंडच्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. तिथल्या लाखो कामगारांना दानधर्माच्या मदतीवर दिवस काढावे लागले.

मग गिरणीवाल्यांची नजर आपल्याकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथला कापूस मुंबई बंदरातून इंग्लंडला जाऊ लागला. भाव चढला. दुप्पट झाला, तिप्पट झाला, त्याच्याही वर गेला. लोकांनी गाद्याउशांतला कापूस काढून विकला, असे त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवले आहे. काहींनी जास्त पैशाच्या लोभाने कापसात सरकी, माती, दगड मिसळले. ही लबाडी इतकी वाढली की १८६३ साली मुंबई सरकारला तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला.

मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुरात नव्या नव्या कंपन्या निघाल्या. समुद्र बुजवून जमीन करणारी कंपनी निघाली, बँका निघाल्या. त्यांचे भाग, म्हणजे शेअर, घ्यायला झुंबड उडाली. समुद्र बुजवणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. कंपनीने त्या वेळी फारशी जमीन केलीसुद्धा नव्हती! मग लोक भाग का घेत होते? तर शेजाऱ्याने घेतला म्हणून. शेजाऱ्याने का घेतला? तर त्याच्या शेजाऱ्याने घेतला म्हणून. मेंढरांच्या कळपात पुढचे मेंढरू वाट पाहते, बाकीची पुढच्याची शेपटी पाहतात. इथे तर पुढचे मेंढरूही डोळे मिटून चालले होते.

२. भाव उतरला

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतली लढाई संपली. दक्षिण हरली, गुलामी कायद्याने बंद झाली. जगाच्या दृष्टीने ही मोठ्या आनंदाची गोष्ट. पण बंदरे मोकळी झाली आणि अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार हे दिसू लागले. अमेरिकेच्या कापसाचा धागा लांब. आपला आखूड, वर त्यात कचरा मिसळलेला. गिरणीवाले जुन्या गिऱ्हाइकीकडे परतले.

मुंबईत कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे मिटवण्याचा दिवस ठरलेला होता. त्या दिवशी देणे द्यायला पैसा कोणाकडेच नव्हता. पेढ्या बुडाल्या. नावाजलेल्या बँका बुडाल्या. कापसाचे आणि शेअरांचे मोठे दलाल प्रेमचंद रायचंद यांचेही दिवाळे निघाले. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तुम्ही चित्रात पाहिला असेल. तो याच प्रेमचंदांनी तेजीच्या काळात दिलेल्या देणगीतून उभा राहिला, त्याला त्यांच्या आईचे नाव आहे. तेजी गेली, मनोरा राहिला.

मुंबईच्या पेढीवाल्यांना भाव उतरल्याचे निदान कळले तरी. त्याच वर्षाच्या सुरुवातीला इंग्लंडपासून हिंदुस्थानपर्यंत तारायंत्र सुरू झाले होते. पण खेड्यातल्या शेतकऱ्याला ही बातमी कोण सांगणार? त्याला कळले ते सगळ्यात शेवटी, बाजारात गाडी नेल्यावर. हे नीट ध्यानात घ्या. भाव चढल्याची बातमी त्याच्यापर्यंत लवकर पोचली, कारण ती पोचण्यात घेणाऱ्याचा फायदा होता. उतरल्याची बातमी पोचवण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

३. रोखा आणि अंगठा

आता पुणे आणि नगर जिल्ह्यांकडे वळू. तिथे खानदेश-वऱ्हाडाइतका कापूस नव्हता. पण तेजीचा पैसा तिथेही खेळला. धान्य महाग झाले. आगगाडीचा रस्ता होत होता, १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली. त्या कामावर मजुरी मिळाली. गाडीवानांना भाडे मिळाले. जमिनीला मोल आले.

जमिनीला मोल आले तशी शेतकऱ्याची पत वाढली. सावकार स्वतः बोलावून कर्ज देऊ लागला. "घ्या पाटील, फेडाल की सावकाश!" लोकांनी घेतले. कोणी बैल घेतले, कोणी विहीर खोदली, कोणी लग्न थाटात केले. शेजाऱ्याने केले, मग आपण कसे मागे राहायचे?

पुढे भाव उतरले, मजुरी थांबली. त्यातच सरकारने जमिनीची नवी आकारणी सुरू केली. १८६७ पासून काही तालुक्यांत सारा जवळजवळ दीडपट झाला. मिळकत खाली, देणे वर. आणि सावकार आता नवे कर्ज देईना, जुने मागू लागला.

इथे एक बारीक गोष्ट आहे. १८५९ च्या कायद्याने कर्जाच्या रोख्याला तीन वर्षांची मुदत घातली होती. कायदा चांगल्या हेतूने केला होता. जुने कर्ज सावकाराने पिढ्यान् पिढ्या वाढवत नेऊ नये, हा हेतू. पण झाले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई. त्यात मुद्दल आणि व्याज मिळून नवे मुद्दल धरले जाई. शंभराचे दोनशे, दोनशेचे चारशे. रोख्यात काय लिहिले आहे ते शेतकऱ्याला वाचता येत नसे. तो अंगठा उठवून घरी जाई. पुढे कोर्टाचे समन्स येई, तेही वाचता येत नसे. तारखेला तो हजर राहत नसे. मग एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमीन जाई.

म्हणजे अमेरिकेत लढाई झाली आणि शेवटी पुणे जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची जमीन गेली. मधल्या धाग्यांपैकी एकही धागा त्या शेतकऱ्याने कधी पाहिला नव्हता. फक्त शेवटचा धागा त्याच्या हातात होता, तो म्हणजे तो रोखा. तोही त्याला वाचता येत नव्हता.

मंडळी, तुम्ही या वर्गात येता, दिवसभर राबून डोळ्यांवर झोप असताना अक्षरे गिरवता, ते कशासाठी, याचे उत्तर या हकीकतीत आहे.

४. करडे आणि सुपे

पुढे लोकांनी काय केले तेही ऐका.

शिरूर तालुक्यात करडे नावाचे गाव आहे. १८७४ च्या डिसेंबरात तिथल्या एका सावकाराने कोर्टाचा हुकूम मिळवून गावच्या देशमुखांच्या घरावर हात घातला. गाव चिडले. पण चिडून धावत सुटले नाही. गावकरी एकत्र बसले आणि त्यांनी ठरवले की या सावकाराशी संबंध तोडायचा. त्याचे शेत कोणी कसायचे नाही, त्याचे पाणी कोणी भरायचे नाही, त्याची हजामत कोणी करायची नाही, त्याच्या दुकानी कोणी जायचे नाही. आसपासच्या गावांना हे कळले. त्यांनीही तीच वाट धरली.

पाच महिन्यांनी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजाराचा दिवस होता. गावोगावचे लोक जमले होते. गर्दी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर गेली. रोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. ही बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि पुणे व नगर जिल्ह्यांत गावोगाव तसेच झाले. लोकांचा रोख कागदांवर होता. माणसांच्या जिवावर ते बहुधा उठले नाहीत. तरी नऊशेंहून अधिक माणसे पकडली गेली आणि पाचशेंना शिक्षा झाली.

लोकांचा राग खरा होता, त्याला कारण होते. या दंग्यामुळे सरकार जागे झाले हेही खरे. चौकशी समिती बसली आणि १८७९ साली शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. कोर्टाने नुसता रोखा पाहू नये, मागचा सगळा हिशेब तपासावा, असे त्यात ठरले. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याला आळा बसला. पण त्याची किंमत कोणी दिली? सुप्याच्या बाजारात आणि गावोगावच्या गर्दीत जे सापडले, त्यांनी आणि त्यांच्या बायकामुलांनी.

करडे गावाने बसून ठरवले. सुप्याच्या गर्दीत ठरवायला कोणी बसलेच नव्हते. दोन्हीकडे माणसे तशीच होती, दुःख तेच होते. फरक ठरवण्याच्या रीतीत होता.

आणखी एक गोष्ट. जगाच्या या जाळ्यातून नुसता भाव येत नाही, विचारही येतो. अमेरिकेत गुलामी मोडली ही बातमी पुण्यात जोतीराव फुले यांच्यापर्यंत पोचली. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले. ते त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. एकाच लढाईच्या बातमीतून कोणी शेअर घेतले, जोतीरावांनी मात्र आपल्याकडच्या जातीच्या गुलामीवर बोट ठेवले. बातमी तीच. ती कोणाच्या डोक्यात पडते आणि तिचे तिथे काय होते, यावर सगळे आहे.

५. आजचा कापूस

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, ती जुनी गोष्ट. आता मोबाइल आहे, भाव घरबसल्या कळतो." खरे आहे. मग अलीकडचे पाहू.

२०२१-२२ च्या हंगामात देशात कापूस कमी पिकला आणि जगात मागणी होती. भाव क्विंटलला १० हजारांच्या वर गेला. ज्याने कापूस उशिरापर्यंत ठेवला त्याला चांगले पैसे मिळाले. ही गोष्ट गावोगाव झाली. पुढच्या वर्षी बहुतेकांनी ठरवले की यंदा कापूस घरात ठेवायचा, १० हजारांशिवाय द्यायचा नाही. घरे कापसाने भरली. माणसांना झोपायला जागा उरली नाही, अंगाला खाज सुटली. पण त्या वर्षी जगातल्या गिरण्यांची मागणी थंड होती. भाव चढण्याऐवजी उतरत गेला. २०२३ चा उन्हाळा संपेपर्यंत तो सात हजारांच्या आसपास आला.

ठेवणे चूक होते असे आम्ही म्हणत नाही. आदल्या वर्षी ते बरोबरच ठरले होते. पण आदल्या वर्षी भाव का चढला होता आणि ते कारण यंदा आहे का, हे थोड्यांनीच विचारले. बाकीच्यांनी शेजाऱ्याचे घर भरलेले पाहिले आणि आपलेही भरले. १८६४ सालच्या मुंबईतल्या शेटजींनीही हेच केले होते. शिकलेल्याची चूक आणि अडाण्याची चूक यांत फरक नसतो. दोघेही शेजाऱ्याकडे पाहतात.

भावाच्या मागे सरकारचे हातही असतात. २०२१ च्या फेब्रुवारीत सरकारने परदेशी कापसावर जकात बसवली. सगळे मिळून ती ११ टक्के होत होती. २०२२ च्या एप्रिलमध्ये ती काही महिने उठवली. २०२५ च्या ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत पुन्हा उठवली. जकात असली की बाहेरचा कापूस महाग पडतो, आपल्याला बरे. उठवली की गिरण्यांना बाहेरचा स्वस्त पडतो, त्यांना बरे. शेतकऱ्याला चढा भाव हवा, गिरणीला उतरता हवा. दोघेही सरकारदरबारी आपले गाऱ्हाणे मांडतात. ज्याचा आवाज एकवटलेला, त्याचे गाऱ्हाणे लवकर ऐकू जाते.

कांदेवाल्यांना हे सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. शहरात कांदा महाग होऊ नये, हे कारण. लासलगावच्या बाजारात भाव पडला. बंदी उठली ती २०२४ च्या मे महिन्यात, तीही जकात ठेवून. निर्णय दिल्लीत झाला आणि सुरकुती नाशिक जिल्ह्यात पडली.

६. हातातला निरोप

आता हातातल्या मोबाइलविषयी.

पूर्वी बातमी आगबोटीने येई, मग तारेने आली. आज ती बोटाच्या एका टिचकीने येते. बातमी लवकर येते ही सोय आहे. पण खोटी बातमीही तितक्याच लवकर येते. खऱ्याला वाहन वेगळे आणि खोट्याला वेगळे, असे नसते.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी काय झाले ते सर्वांना माहीत आहे. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसे तिकडे गेली होती. गावात बाजार होता. कोणी तरी ओरडले, गर्दी जमली आणि त्या पाचही जणांना मारून टाकले. ती टोळी नव्हती. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरणारे.

निरोप पुढे पाठवणाऱ्या कित्येकांना वाटले असेल, आपण गावाची काळजीच घेतो आहोत. एका बोटाने काय होते? पण जाळे असे एकेका बोटानेच विणलेले असते.

म्हणून एक खूण सांगून ठेवतो. व्हॉट्सॲपवर जो निरोप पुष्कळ हातांतून पुढे गेलेला असतो, त्यावर दोन बाण दिसतात. दोन बाण दिसले की समजा, ज्याने तुम्हाला पाठवला त्यालाही तो कोणी लिहिला हे माहीत नाही. असा निरोप वाचावा आणि तिथेच थांबवावा. खरा आहे का, हे पोलीस पाटलाला, तलाठ्याला, शाळेतल्या बाईंना विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

७. ठरवावे कसे?

आपल्याकडे म्हण आहे, ऐकावे जनाचे, करावे मनाचे. फार शहाणी म्हण आहे. पण करावे मनाचे, म्हणजे मनाला येईल ते करावे असे नव्हे. मनाशी हिशेब करावा आणि मग करावे. त्यासाठी तीन प्रश्न पाठ करून ठेवा.

पहिला प्रश्न: ही बातमी कुठून निघाली?
दुसरा प्रश्न: ती ऐकून मी वागलो तर फायदा कोणाचा?
तिसरा प्रश्न: बातमी खोटी निघाली तर माझे किती जाईल, आणि ते मला सोसेल का?

तिसऱ्या प्रश्नाला पाटी-पेन्सिल लागते. चला, एक हिशेब करू.

समजा, तुमच्या घरी २० क्विंटल कापूस आहे. आजचा भाव ८,००० रुपये. आज विकला तर १,६०,००० रुपये येतात. तुमच्यावर ६०,००० रुपयांचे कर्ज आहे, व्याज महिन्याला शेकडा २ रुपये. म्हणजे महिन्याला १,२०० रुपये. कापूस पाच महिने ठेवला तर व्याज झाले ६,००० रुपये. कापूस वाळून समजा एक क्विंटल घटला, १९ क्विंटल राहिला.

आता पाच महिन्यांनी किती भाव मिळाला म्हणजे नुकसान होणार नाही? १,६०,००० अधिक ६,००० म्हणजे १,६६,०००. त्याला १९ ने भागा. उत्तर येते जवळजवळ ८,७३७. म्हणजे भाव ७३७ रुपयांनी चढला तर कुठे तुम्ही होता तिथे राहिलात! त्याच्या वर मिळेल तो खरा नफा. आणि भाव ७,००० वर आला तर? १९ क्विंटलचे १,३३,००० रुपये. त्यातून व्याजाचे ६,००० गेले, राहिले १,२७,०००. नुकसान ३३,००० रुपये.

हा हिशेब पाहून कोणी म्हणेल, विकून टाकतो. कोणी म्हणेल, निम्मा विकून कर्ज फेडतो, निम्मा ठेवतो. कोणाला कर्ज नसेल, तो म्हणेल, मी थांबतो. तिघांचेही बरोबर असू शकते, कारण तिघांची घरे वेगळी आहेत. शेजाऱ्याचे उत्तर उतरवून घेऊ नका. रीत घ्या, आकडे आपल्या घरचे घाला.

हा हिशेब घरातल्या बाईला सोबत घेऊन करा. कापूस वेचायचा तिने, भरलेल्या घरात खाजवत निजायचे तिने, आणि विक्रीचा दिवस मात्र ठरायचा पारावर, हे बरे नव्हे. घरात किराणा किती दिवसांचा आहे, मुलीची फी कधी भरायची आहे, हे तिला माहीत असते. तो आकडा हिशेबात आला नाही तर हिशेब चुकतो.

काही गोष्टी एकट्या घराने ठरत नाहीत. माल एकत्र करून विकायचा का, वजनकाटा खरा आहे का, हमीभावाच्या खरेदी केंद्रासाठी अर्ज करायचा का, हे गावाने ठरवायचे. त्यासाठी ग्रामसभा आहे, गट आहेत, सोसायटी आहे. ग्रामसभेत जा. ठराव लिहिला की तो वाचून मागा आणि मगच सही करा. अंगठा आता नको. गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील म्हणत. पण गाव बसून ठरवते तेव्हाच ते गाव असते. धावत सुटते तेव्हा ती गर्दी असते.

मंडळी, जगाच्या धाग्यांतून कोणालाही बाहेर पडता येणार नाही, आणि पडूही नये. त्याच धाग्यांतून औषध येते, बियाणे येते, नवा विचार येतो, मुलांना कामे मिळतात. लढाई कुठे व्हावी, पाऊस कुठे पडावा, हे आपल्या हाती नाही. पण आपल्या हातचा धागा, मग तो रोखा असो, ठराव असो, की मोबाइलवरचा निरोप, तो वाचणे आपल्या हाती आहे. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या पणज्याच्या पणज्याला ते साधले नाही. तुम्हाला साधू लागले आहे.

उद्या बाजारात जाल तेव्हा पावती घडी घालून खिशात टाकू नका. आधी वाचा. वजन पाहा, भाव पाहा, कापलेले पैसे पाहा. नाही समजले तर तिथेच विचारा.



विचार करा आणि लिहा

१. अमेरिकेतल्या लढाईमुळे आपल्याकडच्या कापसाचा भाव का वाढला?
२. तीन वर्षांच्या मुदतीचा कायदा असूनही कर्ज का वाढत गेले?
३. करडे गावाने काय ठरवले? सुप्याच्या बाजारात काय झाले? दोहोंत फरक कोणता?
४. तुमच्या घरी असलेल्या मालाचा वरच्यासारखा हिशेब करा. घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.
५. या आठवड्यात तुमच्या मोबाइलवर आलेला एक निरोप निवडा. त्याला तिन्ही प्रश्न विचारा आणि उत्तरे वहीत लिहा.